फ्लॅक हाऊसची गाईड होताना

मी नर्स आहे, इंग्लंडात डेव्हनला राहते, माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. इतिहासाशी संबंध म्हणाल तर दहावीच्या पेपरापुरता. तरी गेली काही वर्षं सुट्टी मिळाली की मी टिव्हर्टनजवळच्या नाइट्सहेज कोर्ट नावाच्या एका जुन्या भल्यामोठ्या घरात गळ्यात बॅज अडकवून गाईड म्हणून उभी असते, फुकट, आणि आपल्या मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या प्रत्येक काकू मला विचारतात की अगं पैसे नाही देत तर जातेस कशाला. एकदा सविस्तर लिहूनच टाकते, आणि दुसऱ्या महायुद्धात या घराला फ्लॅक हाऊस का म्हणायचे तेही.

कोविडनंतर माझी झोप उडाली होती. फार नाट्यमय काही नाही, वॉर्डातल्या निम्म्या पोरींची तीच तऱ्हा होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या कामाबाहेरचं काहीतरी कर, माणसांत जा. नॅशनल ट्रस्ट, म्हणजे इथली जुनी घरं जपणारी संस्था, तिच्या साइटवर व्हॉलंटियरची जाहिरात दिसली, फॉर्म भरला, दोन रेफरन्स मागितले ते दिले, मग कॉफीवर गप्पा म्हणजेच इंटरव्ह्यू झाला. मी म्हटलं मला इतिहास येत नाही, त्या म्हणाल्या तो शिकवू आम्ही, तुला लोकांशी बोलता येतं ना? एवढं एक मला येतं बुवा. रात्री तीन वाजता चिडलेल्या पेशंटच्या मुलाशी जो बोललाय तो कोणाशीही बोलू शकतो.

मग ऑनलाइन ट्रेनिंग, आग लागली तर लोकांना कुठून बाहेर काढायचं, वॉकीटॉकीवर काय बोलायचं, हरवलेलं पोर सापडलं तर काय करायचं, हे सगळं आलं. त्यानंतर घराची स्वच्छता बघायला नेलं आणि ते मला फार आवडलं. लाकडी नक्षीवरची धूळ घोड्याच्या केसांच्या मऊ ब्रशनं हलक्या हातानं झटकायची आणि व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडाला जाळी बांधून ती धूळ हवेतच ओढून घ्यायची. कपड्यानं पुसायचं नाही, पुसलं की घासलं जातं. पडदे अर्धे ओढलेले, कारण उजेडानं कापड कुजतं. लोक तक्रार करतात की काळोख फार आहे, आणि त्यांना हे समजावणं हे गाईडचं पहिलं काम.

घराची गोष्ट थोडक्यात सांगते कारण खरं मला दुसरंच सांगायचंय. जॉन हीथकोट नावाच्या माणसानं लेस विणायचं मशीन काढलं, लफबरोच्या कारखान्यातली त्याची मशीनं 1816 मध्ये लोकांनी रात्री येऊन फोडली, मग तो सगळा धंदा घेऊन टिव्हर्टनला आला. त्याच्या नातवानं टेकडीवर हे घर बांधायला घेतलं, 1869 च्या सुमारास, विल्यम बर्जेस हा आर्किटेक्ट. बर्जेसचे बेत इतके अवाढव्य की मालकानं त्याला मध्येच नारळ दिला आणि आतलं काम दुसऱ्याकडून करून घेतलं. खाली दरीत गिरणी आजही चालू आहे, मंगळावर 2021 मध्ये जे पर्सिव्हिअरन्स यान उतरलं त्याच्या पॅराशूटचं कापड तिथलं. हे सांगितलं की शाळकरी पोरं एकदम जागी होतात.

तर पहिले काही आठवडे शॅडोइंग, म्हणजे जुन्या गाईडच्या मागं मागं फिरायचं आणि ऐकायचं. मला एक निवृत्त शिक्षिका मिळाल्या, ऐंशीच्या पुढच्या, बोलणं खणखणीत. त्या बर्जेस, छत, चित्रं, बागेत झुडपं कापून केलेले कोल्ह्यामागं धावणारे कुत्रे, सगळं सांगायच्या आणि शेवटी जाता जाता एक वाक्य, की दुसऱ्या महायुद्धात इथं अमेरिकन वैमानिक विश्रांतीला येत असत. पुढं चला. मी घरी जाताना बसमध्ये तेच वाक्य घोळवत बसले. विश्रांती कसली? जखमी होते का? नाही म्हणाल्या, धडधाकट होते. मग?

इथून माझं खरं शिकणं सुरू झालं. सुटीतला वेळ, लायब्ररीतली पुस्तकं, रात्रपाळीनंतर झोप येत नाही तेव्हा वाचलेले जुने मेडिकल रिपोर्ट, असं करत करत चित्र जमत गेलं.

अमेरिकेची आठवी वायुसेना 1942 पासून पूर्व इंग्लंडात तळ ठोकून होती. इंग्रज जर्मनीवर रात्री बॉम्ब टाकायचे, हे दिवसाढवळ्या. बी-17 नावाचं विमान, आत दहा पोरं, वय वीस-बावीस. पंचवीस हजार फुटांवर उणे चाळीसच्या आसपास थंडी, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि मधल्या खिडक्या सुरुवातीला उघड्याच, तिथून मशिनगन चालवायची. जाम झालेली बंदूक सोडवायला हातमोजा काढला की बोटं गेली. सुरुवातीच्या काळात गोळ्यांपेक्षा हिमदंशानं जायबंदी झालेले जास्त होते, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून माझ्याच बोटांकडं बघत बसले. खालून जर्मन तोफांचा मारा, त्याला फ्लॅक म्हणत, काळे ढग फुटायचे आणि तोफगोळ्यांचे तुकडे विमानातून आरपार. त्यातून वाचायला विमान वळवताही येत नसे, निशाण धरलं की सरळ जायचं. 14 ऑक्टोबर 1943 ला श्वाइनफुर्टवर 291 विमानं गेली, त्यातली 60 परत आली नाहीत. एका दिवसात सहाशे माणसं. त्याआधी 10 ऑक्टोबरला म्युन्स्टरवर शंभराव्या बॉम्बर ग्रुपची तेरा विमानं गेली आणि संध्याकाळी रॉबर्ट रोझेन्थाल नावाच्या पायलटचं एकच परतलं.

विमानातल्या पोरांनी पंचवीस मोहिमा पुऱ्या केल्या की सुटका. पुढं ते तीस झालं, मग पस्तीस. म्हणजे परीक्षेला बसलेल्या पोराला मध्येच सांगायचं की पेपर वाढवलाय.

आता डॉक्टरांच्या लक्षात आलं की मोहिमा निम्म्यावर आल्या की पोरं बिघडायला लागतात. हात थरथरतात, जेवण जात नाही, बिछान्यात ओरडत उठतात, कोणी गप्प होतो तर कोणी उगाच हसत सुटतो. त्यांना घरी पाठवलं तर विमानं उडवणार कोण, आणि नाही पाठवलं तर विमानं पाडूनच घेतील. मग यावर तोडगा निघाला की आठवडाभर कुठंतरी लांब, छान घरी ठेवायचं. पहिलं घर हॅम्पशायरमधलं स्टॅनब्रिज अर्ल्स, 1943 च्या सुरुवातीला उघडलं. मग शाफ्ट्सबरीजवळचं कूम हाऊस, थेम्सकाठचं मोल्सफर्ड मॅनर, साउथपोर्टचं पॅलेस हॉटेल, आमचं नाइट्सहेज, करत करत डझनाच्या वर घरं झाली. कागदोपत्री रेस्ट होम. पोरं म्हणायची फ्लॅक हाऊस.

आत काय चालायचं ते मला सगळ्यात जास्त आवडतं सांगायला, कारण त्यात बारकावे आहेत. आल्या आल्या युनिफॉर्म काढून ठेवायचा आणि कपाटातले साधे कपडे घालायचे, स्वेटर, ढगळी पँट, कॅनव्हासचे बूट. सॅल्यूट नाही, हुद्दा नाही. अमेरिकन रेडक्रॉसच्या मुली घर चालवायच्या, त्यांचं काम म्हणजे पत्ते खेळायला चौथा भिडू लागला तर बसायचं, टेनिस खेळायचं, सायकलवर गावात जायचं, कोणाला बोलायचं असेल तर ऐकायचं आणि नसेल बोलायचं तर विचारायचं नाही. धनुष्यबाण, क्रोके म्हणजे गवतावर लाकडी हातोड्यानं चेंडू मारायचा खेळ, घोडे, नदीकाठी मासे. आमच्याकडं तर घरच्या मालकीणबाई जॉइस वेदरेड, म्हणजे तेव्हाच्या लेडी हीथकोट-एमरी. चार वेळा ब्रिटिश महिला गोल्फ विजेत्या, बॉबी जोन्ससारखा नावाजलेला अमेरिकन गोल्फपटू त्यांच्या खेळाची तारीफ करायचा.

आणि सकाळ. तळावर मोहीम असली की पहाटे दोन-तीनला कोणीतरी टॉर्च घेऊन बराकीत यायचा आणि नाव घेऊन खांदा हलवायचा. त्या दिवशी नाश्त्याला ताजी अंडी मिळायची, एरवी पावडरीची. म्हणजे अंड्याचा वास आला की पोटात गोळा. विश्रांतीच्या घरात मात्र उशिरापर्यंत झोपू देत, बटलर ट्रेमध्ये फळाच्या रसाचा ग्लास घेऊन हळूच पडदा सारायचा, आणि खाली अंडी असायची पण जायचं कुठंच नसायचं. त्या काळी सामान्य इंग्रज माणसाला रेशनवर आठवड्याला एक अंडं, तेही मिळालं तर, हे लक्षात घ्या म्हणजे त्या ताटाची किंमत कळेल. रात्रपाळीत पेशंटला उठवताना मी खांद्याला हात लावायच्या आधी आवाज देते, ही सवय आधीपासूनच होती, पण आता ते करताना मला ती टॉर्च आठवते.

एक गोष्ट मात्र मला आजही खटकते आणि मी ती पाहुण्यांना सांगतेच. विमानातल्या दहा जणांत चार अधिकारी आणि सहा सार्जंट. आकाशात दहाही जण एकाच पत्र्याच्या नळीत, मेले तर एकत्र मरणार, पण विश्रांतीला अधिकारी एका घरात आणि सार्जंट दुसऱ्या. सुरुवातीला तर सरळसरळ असंच होतं, स्टॅनब्रिज अर्ल्स अधिकाऱ्यांचं, मोल्सफर्ड सार्जंटांचं. आत हुद्दा नाही म्हणे. अहो दारातच गाळून घेतलाय की तुम्ही.

माझं टिपण तयार होत आलं तरी बोलताना काहीतरी पुस्तकी वाटत होतं, म्हणून सुट्टी टाकून केंब्रिजकडं गेले. डक्सफर्डच्या अमेरिकन एअर म्युझियममध्ये नॉर्मन फॉस्टरनं बांधलेल्या त्या मोठ्या काचेच्या गुहेत बी-17 उभं आहे. फोटोत अजस्र दिसतं, जवळ गेलं की किती चिंचोळं. पोटाखाली तो गोल बुरूज, बॉल टरेट, त्यात एक माणूस गुडघे छातीशी घेऊन दोन बंदुकांच्या मध्ये पाठीवर पडून तासन्‌तास जमिनीकडं बघत असायचा. मी नर्सच्या नजरेनं बघत होते, पाय कुठं, पाठीला आधार काय, उलटी झाली तर मास्कमध्येच. पॅराशूट त्या गोळ्यात त्याच्याजवळ सहसा मावायचंच नाही, वर विमानात ठेवलेलं असायचं.

तिथून मॅडिंग्लीचं अमेरिकन स्मशान. हिरव्यागार उतारावर पांढऱ्या क्रूसांच्या वळणदार रांगा, 3,800 च्या वर. आणि एका बाजूला लांबच लांब भिंत, ज्यांचं काहीच सापडलं नाही अशा पाच हजारांहून जास्त लोकांची नावं. आठव्या वायुसेनेचे एकूण 26,000 च्या वर मेले. मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, वाचत नव्हते, नुसती चालत होते, आणि तेव्हा डोक्यात आलं की यातले कितीतरी जण कुठल्यातरी बागेत क्रोके खेळून, साहेबासारखा रस पिऊन, आठवड्यानं ट्रकमध्ये बसून परत तळावर गेले असणार.

कारण ते परत जायचेच. हेच ते वाक्य जे आमच्या टूरमध्ये नव्हतं. लोक नेहमी विचारतात, मग बरे झाले की घरी जायचे का? नाही हो. सोमवारी परत विमानात.

त्या रात्री बाबांना फोन केला. त्यांना मी हे सगळं सांगितलं, घर, रस, अंडी, रेडक्रॉसच्या मुली, आणि मग परत मोहिमेवर. ते जरा गप्प राहिले आणि म्हणाले, "मंग हा तं पोळाच झाला ना बाई. आदल्या दिवशी खांदे शेकाचे, हळद-तूप लावाचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हनाचं, पुरनपोळी चाराची. अन् मंग पुन्हा जू." माझ्या टिपणातली चार पानं त्यांनी तीन वाक्यांत संपवली.

पण बाबांशी मी थोडी वादले पण, आणि तो वाद अजून चालू आहे. ते म्हणतात बैल बिचाऱ्याला माहीत नसतं उद्या काय, या पोरांना माहीत होतं, म्हणून हे जास्त क्रूर. माझं म्हणणं वेगळं. दुसरा पर्याय काय होता ते बघा. इंग्रजांच्या वायुसेनेत जो पोरगा म्हणाला की आता माझ्याच्यानं होत नाही, त्याच्या फायलीवर एलएमएफ लिहायचे, म्हणजे नैतिक बळ कमी, पंख काढून घ्यायचे, सगळ्यांसमोर भित्रा ठरवायचे. अमेरिकनांकडंही सगळं गोड नव्हतं, जास्त बिघडलेल्यांना सोडियम अमायटॉल देऊन दोन-दोन तीन-तीन दिवस झोपवून ठेवायचे आणि उठल्यावर बघायचे उडू शकतो का. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण डोस, नाडी, पाणी, लघवी, सगळं कोणीतरी माझ्यासारखीनंच बघितलं असणार. त्या दोन गोष्टींच्या मध्ये हा आठवडा होता. हिशेबीपणा होता का? होताच. एक पायलट तयार करायला वेळ लागतो, तो मोडू नये म्हणून त्याला जपायचा. पण त्या हिशेबात का होईना, "तू भित्रा नाहीस, थकलायस" असं म्हणणारं कोणीतरी होतं. आमच्या हॉस्पिटलात मधल्या काळात स्टाफरूमच्या कोपऱ्यात मसाज खुर्ची आणि कॅमोमाइल चहा आला होता, त्यावर आम्ही पोरी खूप हसलो, आणि हसत हसत त्या खुर्चीत बसायलाही नंबर लावला. दोन्ही खरं असतं ना.

रेडक्रॉसच्या मुलींबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. दर आठवड्याला नवी पोरं, ओळख होणार, नाचणार, आईची पत्रं वाचून दाखवणार, आणि हात हलवत जाणार. पुढचं कळायचं ते कधीतरी तळावरून आलेल्या दुसऱ्या कोणाच्या तोंडून. त्यांना कोणतं रेस्ट होम?

आमच्या घराशी जोडलेली एक गोष्ट आहे, ती सांगायची की नाही यावर आम्हा गाईडांत दोन मतं. 1945 मध्ये, युद्ध संपल्यात जमा असताना, इथं राहून गेलेला एक अमेरिकन फायटर पायलट आपलं मस्टँग विमान घेऊन घरावरून अगदी खालून घिरटी मारायला आला, ओळखीच्यांना हात दाखवायला म्हणा. झाडाच्या शेंड्याला धडकला आणि तिथंच पार्कात कोसळून गेला. माझ्या शिक्षिकाबाई म्हणतात लोक सहलीला येतात, केक खातात, त्यांना हे कशाला. मी सांगते. पण बाहेर, गवतावर उभं राहून, लहान पोरं जवळ नसतील तेव्हा. त्या आता मला अडवत नाहीत, फक्त भुवया उंचावतात.

पहिल्यांदा एकटीनं टूर घेतली तेव्हा गटात एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ होते, मुलीबरोबर आलेले. सगळं ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. शेवटी जवळ येऊन म्हणाले माझे वडील नेव्हिगेटर, म्हणजे विमानाला दिशा सांगणारे, होते, ते अशाच कुठल्यातरी घरात राहिले होते, नाव कधी सांगितलं नाही, एवढंच म्हणायचे की तिथं एक कुत्रा होता आणि तो त्यांच्या पायावर झोपायचा. युद्धाबद्दल आयुष्यभर तेवढंच बोलले, कुत्र्याबद्दल. मला काय बोलावं सुचेना, मी त्यांना चहाच्या खोलीचा रस्ता दाखवला.

बाकीच्या घरांचं काय झालं हे पण लोक विचारतात म्हणून शोधून ठेवलंय. कूम हाऊसमध्ये मुलींची शाळा होती, ती 2020 मध्ये बंद पडली, मग काउन्सिलनं घेऊन विशेष गरजा असलेल्या मुलांची शाळा काढली. साउथपोर्टचं हॉटेल 1969 मध्ये पाडलं. स्टॅनब्रिज अर्ल्सला पण शाळा होती, 2013 मध्ये बंद झाली, आता तिथं निवृत्त लोकांची पैसेवाली वसाहत आहे, म्हणजे विश्रांतीचं घर ते विश्रांतीचं घरच, फक्त आता परत कुठं जायचं नाही.

कोणाला असं काही करायचं असेल तर सांगते, भीती बाळगू नका की आपलं इंग्लिश किंवा आपला रंग. मला एकदाच एका बाईंनी विचारलं की तू इथली नाहीस ना, मी म्हटलं ते वैमानिकही नव्हते. फॉर्म हिवाळ्यात भरा, कारण मार्चपासून गर्दी वाढते आणि मग शिकवायला कोणाला वेळ नसतो. टिव्हर्टन पार्कवे स्टेशनवरून पुढं बस आहे पण रविवारी तिचा भरवसा धरू नका. पायात आरामशीर बूट घाला, दगडी फरशीवर चार तास उभं राहिलं की पोटऱ्या बोलतात. आणि जेवणाचा डबा घरून न्या, कॅफेतले स्कोन चांगले असतात पण रोज रोज नाही परवडत.